अन्नलेखन : न पाहिलेल्या रुग्णाचे पथ्य

दैनिकांच्या आरोग्यविषयक पुरवण्या, साप्ताहिके, दिवाळी अंक आणि संस्थांच्या स्मरणिका यांतून आहारविषयक लेखांना सतत मागणी असते. श्रावण लागला की उपवासाच्या पदार्थांवर, आश्विनात कोजागरीच्या दुधावर, थंडीत डिंक-मेथीच्या लाडवांवर आणि चैत्रात पन्ह्यावर लेख हवा असतो. संपादक वैद्यांकडे येतात, पाचशे शब्दांची मर्यादा घालतात आणि दोन दिवसांत मजकूर मागतात. आपणही तो देतो. लेख छापून येतो, ओळखीची मंडळी अभिनंदन करतात आणि विषय तेथे संपला असे आपण मानतो.

वाचकाच्या घरी तो विषय तेव्हा कुठे सुरू होतो. आहाराचा लेख वाचून बाजूला ठेवला जात नाही. तो कापून स्वयंपाकघरात लावला जातो, शेजारणीला वाचून दाखवला जातो, परगावच्या मुलीला कळवला जातो. औषधाच्या लेखात वाचकाला निदान वैद्याकडे किंवा औषधालयात जावे लागते. आहाराच्या लेखात सारे साहित्य घरातच असते आणि वाचलेले त्याच दिवशी पोटात जाते. म्हणून आहारावरील लेख हे न पाहिलेल्या रुग्णाला सांगितलेले पथ्य होय, असे आम्ही समजतो. चिकित्सालयात आपण अग्नी, कोष्ठ, वय, बल, ऋतू पाहून पथ्य सांगतो; लेखात यांपैकी काहीही आपल्यासमोर नसते. जे पाहता येत नाही ते शब्दांनी भरून काढावे लागते, आणि हे भरून काढणे म्हणजेच अन्नलेखनाचे शास्त्र. ते शिकावे लागते. पदवी मिळाली म्हणून ते येत नाही.

एका वाक्याची उणीव

या विषयाचे गांभीर्य कळण्यासाठी दुधी भोपळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. दुधीचा रस हृदयाला हितकर, मेदोहर, शीतल, अशा आशयाचे लेखन गेल्या दोन-तीन दशकांत देशभर विपुल झाले. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली व तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात; ती वाढली की फळ कडू होते आणि त्याचा रस उलट्या, अतिसार, आतड्यांतील रक्तस्राव व रक्तदाब कोसळणे येथवर नेऊ शकतो. त्यावर विशिष्ट उतारा ज्ञात नाही. समितीचा सल्ला साधा होता : रस काढण्यापूर्वी दुधीची लहानशी फोड चाखावी, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, कडू रस पिऊ नये, दुसऱ्या रसात मिसळू नये आणि रस घेतल्यावर अस्वस्थ वाटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आयुर्वेदाला यात नवे काय होते? कडू तुंबी म्हणजे इक्ष्वाकु हे वामक द्रव्य आहे, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय तिच्याच नावाने आहे. गोड तुंबी शाकवर्गात आणि कडू तुंबी वमनद्रव्यांत, असा स्पष्ट भेद आपल्या ग्रंथांत असताना, ‘चाखून पाहा, कडू असल्यास टाकून द्या’ हे एक वाक्य लेखांतून का गळावे? कारण लेखकाने द्रव्याचे गुण आठवले, पण वाचकाच्या हातातील दुधी डोळ्यांसमोर आणला नाही. भाजी चिरताना गृहिणी सवयीने फोड चाखते. रस काढणारा थेट यंत्रात टाकतो आणि नाक दाबून पितो. पदार्थाचे रूप बदलले की धोकाही बदलतो. अन्नलेखकाने हे ओळखले पाहिजे.

पूर्वसूरींकडून काय शिकावे

अन्नाविषयी लिहिण्याची आपली परंपरा मोठी आहे. चरकांच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शूकधान्यापासून आहारयोगी द्रव्यांपर्यंत बारा वर्ग आहेत. सुश्रुतांच्या सूत्रस्थानाचा शेवटचा, शेहेचाळिसावा अध्याय अन्नपानविधीचा आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदयात द्रवद्रव्ये आणि अन्नस्वरूप असे दोन स्वतंत्र अध्याय योजिले. हे अध्याय परीक्षेपुरते पाठ करून सोडून दिले तर त्यांतील लेखनकौशल्य लक्षात येत नाही. उदाहरणार्थ, तांदळाच्या कृती पाहा. भात पाचपट पाण्यात, विलेपी चौपट, यवागू सहापट आणि मंड चौदापट पाण्यात सिद्ध करावा, असे प्रमाण परंपरेने दिले आहे. भांडे कोणतेही असो, माणसे किती का असेनात, प्रमाण चुकत नाही. एकच द्रव्य, पण पाण्याच्या प्रमाणानुसार चार कृती आणि चार अवस्थांतील रुग्णांसाठी चार उपयोग. ‘ज्वरात पेज द्यावी’ एवढेच लिहिणाऱ्या आजच्या लेखकापेक्षा ते ग्रंथकार स्वयंपाकघराच्या अधिक जवळ होते.

सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी राजवटीच्या आश्रयाने रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात शास्त्रातील वचने तर आहेतच, पण पदार्थांची लोकव्यवहारातील नावेही नोंदवली आहेत. शास्त्रातील द्रव्य आणि ताटातील पदार्थ एकच आहे, ही खूण वाचकाला पटवण्याची त्यांची दृष्टी आजच्या वैद्यलेखकाने घेण्यासारखी आहे.

तिसरा गुरू घरातलाच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले. पिढ्यान्पिढ्या मराठी घरांतून ही पुस्तके वापरली गेली, ती त्यांतील विद्वत्तेमुळे नव्हे. सासरी नव्याने आलेल्या, हाताशी कोणी वडीलधारे नसलेल्या मुलीलाही पुस्तक उघडून पदार्थ करता यावा, एवढा नेमकेपणा त्यांत होता. वाटी-चमच्याचे माप, साहित्याची आधी यादी, मग क्रमाने कृती ही शिस्त पाककृतीच्या पुस्तकांनी मराठीत रुजवली. वैद्याने ती उसनी घेण्यात कमीपणा नाही.

आठ आयतनांची चाळण

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात चरकांनी आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. भोजन करणाऱ्यासाठी सांगितलेली ही आयतने लेखन करणाऱ्यासही तितकीच उपयोगी पडतात. आम्ही कोणताही आहारविषयक मजकूर छापण्यास देण्यापूर्वी त्याला या आठ प्रश्नांच्या चाळणीतून काढावे, असे सुचवतो.

प्रकृतीचा प्रश्न बहुतेक लेखकांना सुटलेला असतो. द्रव्याचे रस, वीर्य, विपाक आपण लिहितोच. खरी उणीव करणात राहते. करण म्हणजे संस्कार. मूग हितकर असे लिहिले. पण मुगाचे कढण, मोड आलेले कच्चे मूग, तळलेली मूगभजी आणि तुपात भाजलेला मुगाचा लाडू यांतील कोणते? पचनाच्या दृष्टीने या चारांत महदंतर आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी या सर्वांना एकाच मापाने मोजणारे लेख भरभरून आले. त्यांत बाजरीची भाकरी तुपाशिवाय रूक्ष होते, हे सांगणारे थोडे होते आणि साठवणीविषयी लिहिणारे त्याहून थोडे. उपवासाच्या दिवशी भगर किंवा तिचे पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. जुने, ओल लागलेले, बुरशी धरलेले धान्य व पीठ हे त्यामागे असते. भगरीचे लघुत्व सांगणाऱ्या लेखात ‘धान्य निवडून, धुऊन घ्यावे, पीठ ताजे दळावे, फार दिवसांचे वापरू नये’ ही ओळ नसेल, तर तो लेख अपुरा आहे.

राशी म्हणजे मात्रा. ‘थोडेसे तूप’, ‘आवश्यकतेनुसार मध’, ‘भरपूर फळे’ ही मात्रा नव्हे. वैद्य एका घरात दोन माणसांना दोन मात्रा सांगतो. लेखकाने निदान मर्यादा तरी सांगावी. ग्रंथातील मान देताना त्याचे व्यवहारातील माप द्यावे. पल म्हणजे अठ्ठेचाळीस ग्रॅम आणि कर्ष म्हणजे बारा ग्रॅम, हे औषधालयात सर्वांना ठाऊक असते. स्वयंपाकघरात ते कोणालाच ठाऊक नसते. वाटीचे माप सोयीचे खरे, पण वाटीभर पोहे आणि वाटीभर गूळ यांचे वजन सारखे भरत नाही. जेथे मात्रेला महत्त्व आहे तेथे वाटीबरोबर ग्रॅमही लिहावेत. औषधालयाच्या मालकांकडे तराजू असतो. लेख लिहिण्यापूर्वी एकदा घरची वाटी त्यावर ठेवून पाहावी.

संयोग, देश आणि काल यांविषयी थोडक्यात. संयोगात विरुद्धाहार येतो, त्याचा विचार पुढे केला आहे. देशाच्या बाबतीत नावांची काळजी घ्यावी. कोकणातला कुळीथ देशावर हुलगा होतो. वरीला भगर म्हणतात, नाचणीला नागली. लेख महाराष्ट्रभर वाचला जाणार असेल तर पहिल्या उल्लेखात दोन्ही नावे द्यावीत. कालाच्या बाबतीत लेख ज्या महिन्यात छापला जाणार, त्या ऋतूचे भान हवे. हेमंतात लिहिलेला उडदाच्या लाडवांचा लेख वैशाखात छापला गेला तर दोष संपादकाचा असला तरी भोग वाचकाचा असतो. म्हणून ऋतूचे नाव लेखातच घालावे.

उपयोगसंस्थेत कसे व केव्हा खावे हे येते : जेवणाआधी की नंतर, गरम की निवलेले, पहिले अन्न पचल्यावर की भुकेशिवाय. आणि उपयोक्ता म्हणजे खाणारा. हा प्रश्न आठांत सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्यासाठी हा पदार्थ नाही, त्याचे नाव लेखात असलेच पाहिजे. मधाचे उदाहरण घ्या. मधाचे गुण कितीही गायिले तरी एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट इशारा आहे; मधात कधीकधी आढळणाऱ्या जंतुबीजांमुळे त्या वयात बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बालकाला मधातून चाटण देण्याची चाल आपल्या समाजात आहे. म्हणूनच ही सूचना आपल्या लेखात अधिक ठळक हवी. तसेच मधुमेही वाचक ‘मध नैसर्गिक आहे’ किंवा ‘गूळ साखरेपेक्षा बरा’ एवढेच लक्षात ठेवतो आणि मात्रा विसरतो. त्याला उद्देशून एक स्वतंत्र वाक्य लिहावे.

ताकाचा नमुना

हे सर्व एका परिचित विषयावर लावून पाहू. ताकाविषयी पुढीलप्रमाणे मजकूर आपण अनेकदा वाचतो : ‘ताक हे भूतलावरील अमृत असून ते त्रिदोषघ्न, दीपन व ग्राही आहे. अर्श व ग्रहणीवर ते रामबाण आहे. उन्हाळ्यात सर्वांनी भरपूर ताक प्यावे.’

यात ताक कोणते, हेच सांगितलेले नाही. भावप्रकाशात घोल, मथित, तक्र, उदश्वित् आणि छच्छिका असे पाच भेद आहेत. साय ठेवली की काढली, पाणी घातले की नाही, घातले तर किती, यांवर ते ठरतात आणि गुणही त्यानुसार बदलतात. शिवाय सुश्रुतांनी क्षत, दुर्बलता, मूर्च्छा, भ्रम, दाह, रक्तपित्त यांत आणि उष्णकाळातही तक्र देऊ नये असे म्हटले आहे. म्हणजे ‘उन्हाळ्यात भरपूर’ हा उपदेश आपल्याच ग्रंथाशी भिडतो. लोकव्यवहारात उन्हाळ्यात ताक चालते, हेही खरे. मग लेखकाने काय करावे? गोड ताक पित्ताला व आंबट ताक वाताला शमवते, आणि आंबट ताकाने पित्त वाढते, हा भेद त्याच ग्रंथात आहे. तो वाचकापुढे ठेवावा. आमच्या मते मजकूर असा व्हावा :

‘दुपारच्या जेवणाच्या अखेरीस वाटीभर ताजे ताक घ्यावे. चार वाट्या दह्यात दोन वाट्या पाणी घालून रवीने घुसळावे व वर आलेले लोणी काढून घ्यावे. दही त्याच दिवशी लागलेले, गोडसर असावे. आंबट झालेले ताक, विशेषतः उन्हाळ्यात, घेऊ नये. अंगाचा दाह होणाऱ्यांनी, नाकातून किंवा अन्य मार्गाने रक्त जात असणाऱ्यांनी, भोवळ येणाऱ्यांनी व फार अशक्त झालेल्यांनी ताक घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्यास सांगितले असेल तर ताकात मीठ घालू नये. शौचावाटे रक्त पडत असल्यास मूळव्याध समजून घरी उपाय करीत बसू नये; तपासणी करून घ्यावी.’

हा मजकूर पहिल्याइतका भारदस्त वाटणार नाही. अमृत गेले, रामबाण गेला. परंतु वाचकाच्या हाती कृती आली, मात्रा आली, आणि ज्याने थांबावयाचे त्याला थांबण्याची खूण मिळाली.

भाषा आणि भय

आपल्या लेखांतील दुसरा दोष परिभाषेचा. ‘अभिष्यंदी’, ‘विष्टंभी’, ‘विदाही’ हे शब्द आपल्याला सोपे वाटतात, वाचकाला नाहीत. त्यांचे अर्थ मराठी घरांत आहेतच : दही रात्री खाल्ले की कफ होतो, वाल वायू धरतात, मिरचीचा खर्डा जळजळतो. शास्त्रीय शब्द एकदा द्यावा, त्याचा घरगुती अर्थ लगेच सांगावा आणि पुढे घरगुती शब्दच वापरावा. कृती लिहिताना तर आधण, कढ, मंद आच, वाफ, चिमूट, कोमट असे शब्द हवेत. ‘मंदाग्नीवर सिद्ध करावे’ असे लिहिल्यास वाचक रुग्णाच्या मंदाग्नीशी त्याची गल्लत करतो!

तिसरा दोष भयाचा. विरुद्धाहारावरील लेखांत तो विशेष दिसतो. दुधाशी विरुद्ध फळांत चरकांनी मोच म्हणजे केळे घेतले आहे. परंतु शिकरण मराठी घरांत परंपरेने चालत आले आहे. ‘शिकरण हे विष आहे’ असे लिहिल्यास वाचक आजीकडे पाहतो, आजी ठणठणीत असते आणि वाचकाचा विश्वास आयुर्वेदावरूनच उडतो. वस्तुतः सात्म्य झालेले, अल्प मात्रेत घेतलेले, तसेच प्रदीप्त अग्नी, तरुण वय, व्यायाम व बल असणाऱ्यांच्या बाबतीत विरुद्ध अन्न बाधत नाही, असे त्याच अध्यायात चरकांनी नमूद केले आहे. हा अपवाद लपवून नियम सांगणे शास्त्राला धरून नाही. त्वचाविकार, वारंवार सर्दी, मंद अग्नी असणाऱ्यांनी शिकरण टाळावे, इतरांनी नित्य खाऊ नये, एवढे लिहिणे प्रामाणिक आणि पुरेसे आहे.

औषधालयाच्या मालकांसाठी

आहारविषयक लेखाच्या तळाशी आपल्या उत्पादनाचे नाव घालण्याचा मोह होतो. ज्या क्षणी नाव आले त्या क्षणी वाचकाच्या दृष्टीने तो लेख राहत नाही, जाहिरात होते. औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, हृद्रोग, रक्तदाब, स्थौल्य, कर्करोग आदी व्याधी आहेत. त्यांवरील उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातीस हा कायदा मनाई करतो. २०२२ साली अन्न सुरक्षा आणि मानके (आयुर्वेद आहार) विनियम लागू झाले. त्यांनुसार प्रमाणग्रंथांतील कृतींनी बनवलेल्या खाद्यपदार्थांना स्वतंत्र ओळख मिळाली आहे. त्याचबरोबर चोवीस महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी असा आहार बनवण्यास व विकण्यास मनाई आहे. हे विनियम आपल्या व्यवसायाला मिळालेली संधी आहेत आणि जबाबदारीही. माहितीपत्रकातील प्रत्येक वाक्य कोणत्या ग्रंथातील कोणत्या अध्यायावर उभे आहे, हे विचारताच सांगता आले पाहिजे.

अभ्यासाचा क्रम

नव्याने लिहू इच्छिणाऱ्या वैद्यांनी एक द्रव्य निवडावे. तिन्ही संहितांतील त्याचे वर्णन व एक निघंटू एकत्र वाचावा. मग तो पदार्थ स्वतः शिजवावा; शिजवल्याशिवाय लिहू नये. लिहून झाल्यावर वैद्यकाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा आणि शक्य तर त्यावरून पदार्थ करवून घ्यावा. ती जेथे अडेल तेथे वाक्य बदलावे, तिला दोष देऊ नये.

छपाईच्या व्यवहाराचेही एक सूत्र ध्यानात ठेवावे. जागा कमी पडली की उपसंपादक लेखाची कात्री खालून चालवतो. आपल्याकडे निषेध आणि सावधगिरी शेवटच्या परिच्छेदात लिहिण्याची रीत असल्याने नेमक्या त्याच ओळी गळतात. यास्तव ‘कोणी घेऊ नये’ हे वाक्य कृतीला लागूनच, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात लिहावे. संपादकांना पत्रात तसे कळवावे. मथळा त्यांनीच देण्याची प्रथा असली तरी छापण्यापूर्वी तो दाखवण्याची विनंती करावी. ‘मधुमेहाला करा रामराम’ अशा मथळ्याखाली संयमित लेखही फसवा ठरतो.

वाचकांचा आयुर्वेदावर विश्वास आहे म्हणूनच आपल्या लेखांना मागणी आहे. स्वयंपाकघरात वैद्याचा शब्द आजही मानाने जातो. तेथे जाताना त्याच्या सोबत माप असावे, कृती असावी, ऋतू असावा आणि ज्याला तो पदार्थ सोसणार नाही त्याच्यासाठी सावधगिरीची एक ओळ असावी. आपल्या सभासद वैद्यांनी व औषधालयांनी येत्या वर्षात आपापल्या भागातील एकेका धान्यावर, भाजीवर, पेयावर या पद्धतीने लिहावे, असे आमचे आग्रहाचे निवेदन आहे. द्रव्ये विपुल आहेत, ग्रंथ हाताशी आहेत आणि वाचक वाट पाहत आहेत.